रॉयसच्या डेकची कड

व्हर्लीन स्टिल्टनरला कोणी दुखावलं, तर ती त्याला झाड भेट देते.

आज हे आमच्या ब्रशी फोर्कमध्ये सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षांपूर्वी फक्त मला माहीत होतं, आणि मी तोंड मिटून बसले, कारण तो सूड मलाही हवा होता. माझं नाव ओपल. या खोऱ्यात अठ्ठावीस वर्षं मी शाळेची बस चालवली. मागच्या बाकावर कोण काय उद्योग करतंय हे आरशात न बघता ओळखायची. त्यामुळे व्हर्लीनच्या डोक्यात काय शिजतंय ते मला त्या एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी कळलं होतं.

व्हर्लीन माझी शेजारीण. वय तेव्हा एकोणसत्तर, हाडं रुंद, हात पुरुषी, आणि तोंडात शिवी कधीच नाही. शिवणाचा कारखाना बंद पडला तेव्हा ती चाळिशीत होती आणि नवरा होबर्ट नुकताच गेला होता. रडत न बसता तिने त्याचा जुना पिकअप ट्रक पुसला, मागे फावडी टाकली आणि लोकांच्या डेकभोवती झाडं लावायचं काम सुरू केलं.

आमच्याकडे घर कितीही लहान असो, मागच्या दाराला फळ्यांचा डेक हवाच. लोक मे ते ऑक्टोबर तिथेच जेवतात, भांडतात आणि शेजाऱ्यांवर लक्ष ठेवतात. पण नवा डेक दिसतो उघड्या पायांचा. खाली खांब, अंधार, कोळ्यांची जाळी आणि कोणाच्या तरी मांजरीची पिल्लं. व्हर्लीन ते पाय झाकायची. कोपऱ्यांना हायड्रेंजिया, उत्तरेच्या सावलीत नेचे, पायऱ्यांच्या कडेला पायाखाली चिरडलं तरी वास देणारं बुटकं थाइम. मातीला उतार घरापासून बाहेरच्या बाजूला. आणि फळ्या आणि झाडं यांत हातभर अंतर, म्हणजे वारा खेळतो, लाकूड कुजत नाही. "डेकचे पाय झाकायचे, गळा दाबायचा नाही," असं ती म्हणायची.

डेक बांधायचा रॉयस अ‍ॅम्बर्गी. व्हर्लीनहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला मोकळा, कामात चोख. त्याचा डेक कधी हलला नाही. दर खांब अडीच फूट खोल, कारण त्याहून वर राहिला तर हिवाळ्यात गोठणारी जमीन खांब उचलून फेकते. वीस वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. त्याने हात झटकायचे आणि हिने फावडं उचलायचं. एकच खोट होती. झाडातलं त्याला काडीचं कळत नव्हतं. "रॉयसला झाडाची ओळख ते मेल्यावर पटते," व्हर्लीन म्हणायची, आणि तोही हसायचा.

आता तिच्या आईच्या घराचं सांगते, कारण सगळी आग तिथली आहे. घराच्या मागच्या दाराशी पिओनीचा वाफा होता. तिची आई लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने लावलेला. मूळ तिने माहेरून मांडीवर ठेवून आणलं होतं. बशीएवढी गुलाबी फुलं, पावसाने मान टाकणारी. म्हातारी भारी चिक्कू. मुळाचा तुकडा तिने कोणाला दिला नाही, अगदी लेकीलाही नाही. म्हणायची, पिओनी हलवली की रुसते, दोन-दोन, तीन-तीन वर्षं फुलत नाही. फुलं मात्र दर मे महिन्यात बादल्या भरून जायची. मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे टेकडीवर जाऊन आपापल्या माणसांच्या कबरी सजवतो, आणि व्हर्लीनच्या आईकडच्या पिओनी आल्याशिवाय तो रविवार कोणाला रविवार वाटायचा नाही. मरताना म्हातारीने लेकीकडे एकच गोष्ट मागितली. "माझ्यावर ती दुकानातली प्लास्टिकची फुलं ठेवू नकोस. माझीच ठेव."

घर भावाच्या नावावर गेलं. भावाने ते रॉयसला विकलं आणि तो फ्लोरिडाला निघून गेला. रॉयसने व्हर्लीनसमोर मागच्या पायरीवर उभं राहून शब्द दिला, मी तिथेच होते. "पिओनी तुझ्याच. दर मेमध्ये ये, काप, विचारू पण नकोस."

पाच वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये व्हर्लीनचा गुडघा बदलला. तीन आठवडे ती लेक्सिंग्टनला हॉस्पिटलात आणि नंतर पुतणीकडे होती. परत आली तेव्हा मीच गाडी चालवत होते. वाटेत आईचं घर लागतं. मी वेग वाढवला, पण तिला दिसायचं ते दिसलं. मागच्या दाराला नवाकोरा लांबरुंद डेक. रॉयसची नवी बायको कँडिस शिकागोची, तिला वर गरम पाण्याचं कुंड हवं होतं. वाफा होता तिथे काळं कापड आणि त्यावर खडी.

व्हर्लीन काठी टेकत उतरली. रॉयस हातोडा घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पडला होता, हे मी आज कबूल करते. तेव्हा मला तो निर्लज्ज वाटला.

"सिमेंटची गाडी आली होती गं," तो म्हणाला. "परत पाठवली असती तर महिना गेला असता."

"माझी वाट बघायची होतीस."

"व्हर्लीन, अगं, फुलंच तर होती. नर्सरीतून आणून देतो ना हव्या तेवढ्या."

ती गाडीत बसली, काठी दोन गुडघ्यांत धरली, आणि घर येईपर्यंत सोडली नाही. मग म्हणाली, "फुलंच तर होती, म्हणे." हे वाक्य तिने त्या हिवाळ्यात इतक्या वेळा म्हटलं की मला ते झोपेतही ऐकू यायचं.

एप्रिलच्या सुरुवातीला कँडिसचा फोन आला. बिचारी काहीच जाणत नव्हती. डेक बांधणाऱ्याचाच डेक उघड्या पायांचा, येणारेजाणारे हसतात, तुम्ही कडेने काही लावून द्याल का व्हर्लीनबाई? मी व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात बसले होते. फोनवर तिचा आवाज मधासारखा झाला.

"लावते की बाई. आणि हे बघ, झाडं माझ्याकडून भेट."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "ओपल, तुझ्या परसात तो बर्फ आहे ना अजून?"

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर गुदगुल्याही झाल्या. 'डोंगरावरचा बर्फ' हे आमच्याकडचं त्या वनस्पतीचं नाव. हिरवी पानं, पांढरी किनार, दिसायला अशी गोड की नवी सून असावी. मुळं शेवयांसारखी पांढरी. ती जमिनीखालून चालत जातात, आणि शेवईचा नखाएवढा तुकडा मागे राहिला तरी पुन्हा जाळं विणतात. माझ्या सासूने ती लावली होती. मी तिच्याशी एकतीस वर्षं लढते आहे. सासूशी त्याहून कमी लढले.

"व्हर्लीन," मी म्हटलं, "हे फार होतंय."

"माझी आई पण फारच होती. बादल्या भरभरून."

मी दोन बादल्या खणून दिल्या. पापात माझा अर्धा वाटा आहे.

काम तिने इतकं सुंदर केलं की तिचं तिलाच वाईट वाटावं. खडी बाजूला केली, काळं कापड फाडलं, खतमाती आणली. कोपऱ्यांना हायड्रेंजिया, सावलीत नेचे, आणि मधल्या प्रत्येक फटीत बर्फ. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने फळ्यांपासून हातभर अंतर सोडलं नाही. रॉयस वरून बघत होता. तिच्या नजरेला नजर देणं त्याला जमत नव्हतं आणि निघूनही जाता येत नव्हतं. एकदाच तो बोलला. पूर्वेच्या टोकाला, कूलरच्या यंत्रापाशी, व्हर्लीनने फावडं रोवलं तसा तो पायऱ्या उतरून धावत आला.

"तिथे खणू नकोस! खालून वायर गेलीय."

"बरं," ती म्हणाली, आणि तेवढा तुकडा सोडून पुढे सरकली. माझ्या कानात पुटपुटली, "तिथे मला लावायची गरजच नाही. तो आपल्या पायांनी जाईल."

संध्याकाळी कँडिस पेकनच्या दाण्यांची गोड पोळी, ज्याला 'पाय' म्हणतात, भाजून घेऊन आली. डोळे भरलेले. "व्हर्लीनबाई, तुमचे कसे..."

"तोंड बंद!" व्हर्लीन इतक्या जोरात म्हणाली की कुत्रा भुंकला. आणि रॉयसने, तोही इथलाच ना, धावत येऊन बायकोच्या तोंडावर हात ठेवला.

"झाडाबद्दल आभार मानायचे नसतात," त्याने तिला समजावलं. "मानले की झाड मरतं."

"पण हा तर साधा शिष्टाचार आहे!"

"शिकागोत असेल," व्हर्लीन म्हणाली. "इथे घ्यायचं आणि गप्प बसायचं."

आम्ही ती गोड पोळी घेऊन घरी आलो. ट्रकमध्ये बसल्याबसल्या तिला हसू फुटलं, आणि मग मलाही. जगात अशी एकच भेट असेल, जिचे आभार मानायला घेणाऱ्याला बंदी आहे. रॉयस अ‍ॅम्बर्गीने स्वतःच्या हाताने बायकोचं तोंड दाबून आमचा सूड जगवला होता.

मेचा शेवटचा रविवार आला. आईच्या कबरीपाशी व्हर्लीन रिकाम्या हातांनी उभी राहिली. लोकांनी आपापली फुलं देऊ केली, तिने नाही म्हटलं. प्लास्टिकची तर तिने नजरेसमोरही येऊ दिली नाहीत. परतताना म्हणाली, "लाग म्हणावं आता, बर्फा."

आणि तो लागला. पहिल्या उन्हाळ्यात किनार देखणी झाली, कँडिस फोटो काढायची. दुसऱ्या वर्षी त्याने नेचे गिळले. फळ्यांच्या फटींतून पानं वर आली, पायऱ्यांच्या सांध्यांतून, जाळीच्या भोकांतून. कुंडाच्या नळाभोवतीही तो फिरला. पानांच्या ओलीने कडेची एक फळी काळी पडली. व्हर्लीनने त्या घरात पाऊल न टाकण्याची शपथ घेतली होती. पण दर रविवारी चर्चमधून येताना मला ट्रक हळू करायला लावायची आणि खिडकीतून मान काढून बघायची. रॉयस गुडघ्यांवर बसून उपटताना दिसला की तिचा दिवस चांगला जायचा.

एक मात्र आम्हाला कळत नव्हतं.

"हा औषध का फवारत नाही?" ती विचारायची. "सगळं जग फवारतं. दोन फवाऱ्यांत निम्मा मेला असता."

"बायको फवारू देत नसेल," मी म्हणायची.

"मूर्ख आहे मूर्ख. बोटांनी उपटतोय. पूर्वेच्या टोकाला तर कंगव्याने विंचरावं तसा." आणि ती खूश व्हायची.

त्याच वर्षी कँडिसला कोणीतरी बर्फाचं खरं रूप सांगितलं. भर दुपारी ती व्हर्लीनच्या दारात आली, केस विस्कटलेले, नखांत माती.

"थँक्यू!" ती ओरडली. "ऐकलंत? थँक्यू, थँक्यू, थँक्यू! त्या झाडांबद्दल मी तुमची आजन्म ऋणी आहे!"

व्हर्लीनने शांतपणे वाटाणे सोलणं चालू ठेवलं. "आता उशीर झाला गं पोरी. आभार पहिल्या आठवड्यात मानले तरच झाड मरतं."

"तुम्ही दुष्ट आहात."

"हो. तुझ्या नवऱ्याला विचार, कधीपासून."

कँडिस पायऱ्यांवर बसून रडली. व्हर्लीनने तिला लिंबूपाणी दिलं, पण माफी मागितली नाही. मला त्या दिवशी थोडी लाज वाटली. व्हर्लीनला नाही वाटली. ती ज्याची वाट बघत होती ते अजून घडायचं होतं. रॉयसने स्वतः यावं, टोपी काढावी, नाक घासावं. त्यासाठी तिने आणखी एक वर्ष काढलं.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, कबरींच्या रविवारच्या चार दिवस आधी, तो आला. टोपी हातात होती. व्हर्लीनने त्याला बसायला सांगितलं नाही.

"तू जिंकलीस," तो म्हणाला. "चल, तुझा बर्फ बघ एकदा."

"बघते की दर रविवारी रस्त्यावरून."

"रस्त्यावरून दिसत नाही ते दाखवायचंय."

तिने सुती टोपी घातली, चांगले बूट घातले, लग्नाला निघाल्यासारखी. मला डोळा मारला. आम्ही तिघे गेलो. डेकची कड म्हणजे पांढरं-हिरवं शेत झालं होतं. ती सगळीकडे चवीने बघत चालली. रॉयस तिला पूर्वेच्या टोकाला घेऊन गेला, कूलरच्या यंत्रापाशी, वायरच्या जागी. खाली वाकला आणि दोन्ही हातांनी बर्फाची पानं बाजूला केली.

आत तीन काड्या होत्या. बारीक, फिकट, लालसर देठांच्या, खाली झुकलेल्या पानांच्या. कळी एकीलाही नव्हती.

व्हर्लीन बघतच राहिली. मग गुडघा नवा आहे हे विसरून धपकन खाली बसली.

"या आईच्या आहेत," ती म्हणाली.

"तीन गड्डे वाचले होते," रॉयस म्हणाला. "गाडीचा माणूस हॉर्न वाजवत होता. जेवढे हाताला लागले तेवढे काढले आणि इथे पुरले. म्हटलं, फूल आलं की बादलीभर घेऊन तुझ्या दारात येईन. तोवर कुठल्या तोंडाने येऊ? पण फूल येईचना. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. आणि मग हा पांढरा राक्षस इथवर आला. फवारलं असतं तर याही गेल्या असत्या."

"वायर..." मी म्हटलं.

"कसली वायर."

व्हर्लीनने मातीत बोट घातलं. अर्धा हात आत गेला. "किती खोल पुरल्यास?"

रॉयसने वीत दाखवली, आणि वर आणखी चार बोटं. "थंडीने उचलू नये म्हणून चांगल्या खोल लावल्या."

"पिओनीचा डोळा दोन बोटं मातीखाली ठेवायचा असतो! दोन बोटं! त्याहून खाली गेला की ती जन्मात फुलत नाही!" आता ती ओरडत होती. तिला असं संतापून ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "खांब आहे का हा, गाढवा? खांब पुरलास तू माझ्या आईचा?"

"मला काय कळतंय गं झाडातलं," तो म्हणाला. "विचारणार कोणाला? ज्यातलं कळतं ती एकच बाई, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती."

 बसल्या जागेवरूनच ती कडेची पानं उपटायला लागली. चांगले बूट मातीत माखले.

पिओनी सप्टेंबरमध्येच हलवायची असते. तोवर चार महिने ती रोज सकाळी त्या घरी गेली, जिथे पाय ठेवणार नव्हती तिथे, आणि त्या तीन काड्यांभोवतीचा बर्फ शेवई-शेवई करून काढला. मीही जायची. माझ्या बादल्या होत्या ना. कँडिस पहिला आठवडा आमच्याकडे पाठ फिरवून बसली, मग एक दिवस तीही कॉफी घेऊन खाली उतरली आणि मुकाट्याने उपटायला लागली. रॉयसशी व्हर्लीन कामापुरतं बोलायची. "कुदळ." "पाणी." "सरक."

सप्टेंबरमध्ये खणलं तेव्हा दोन गड्डे कुजलेले निघाले. पांढऱ्या मुळांनी त्यांना आरपार भोसकलं होतं. तिसरा जिवंत होता, मुठीएवढा, एका लाल डोळ्याचा. व्हर्लीनने डेकच्या पायरीवर बसून तो बादलीत धुतला. तासभर धूत होती. शेवया एकेक करून चिमटीने ओढल्या. शेवटी एक उरली, ती डोळ्याच्या अगदी बुडातून आत गेलेली.

"ती काप," मी म्हटलं. "नाहीतर तुझ्या घरी हा बर्फ जाईल."

"कापली तर डोळा जाईल."

"मग?"

तिने गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळला, त्या शेवईसकट. रॉयसने फडकं बादलीत ठेवलं आणि बादली तिच्या पुढ्यात धरली.  कँडिसला राहवलं नाही. "निदान आता तरी थँक्यू म्हणा ना, व्हर्लीनबाई."

"म्हणू नकोस!" रॉयस जवळजवळ किंचाळला. "व्हर्लीन, तुला शपथ आहे, एक शब्द बोलू नकोस."

तिने ओठ घट्ट मिटले आणि बादली घेतली. तिला काय म्हणायचं होतं, आभार की शिवी, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

तिच्या घराला पण एक छोटा डेक आहे, होबर्टने बांधलेला, किंचित वाकडा. त्याच्या कडेला, फळ्यांपासून हातभर अंतर सोडून, तिने गड्डा लावला. डोळ्यावर दोन बोटं माती. मार्चमध्ये तिथे पहिलं काय उगवलं असेल? दोन पानं, पांढऱ्या किनारीची. त्यानंतर तीन आठवड्यांनी लाल कोंब. तेव्हापासून रोज सकाळी ती जुना जेवणाचा काटा घेऊन तिथे गुडघ्यांवर बसलेली असते. मी कुंपणावरून बघते. आता तिला बघून खूश व्हायला रस्त्यावर कोणी नाही.

या वर्षीही पिओनी फुलली नाही, ती रुसलेली आहे. मेच्या शेवटच्या रविवारी मी व्हर्लीनला घ्यायला गेले, तर ती हातात जुडी घेऊन तयार होती. हिरवी पानं, पांढरी किनार, दोऱ्याने नीट बांधलेली. 

"मुळं नाहीत ना त्यांना?" मी एवढंच विचारलं.

"नाहीत. दोनदा बघितलंय."

टेकडीवर सगळे आले होते. रॉयस आणि कँडिस दूर, अ‍ॅम्बर्गींच्या कबरींपाशी उभे होते. रॉयस टोपी काढून आमच्याकडे बघत होता. व्हर्लीनने त्याला हात केला नाही. ती आईच्या दगडापाशी वाकली, आणि ती जुडी मधोमध ठेवली.

"प्लास्टिक नाहीये आई," ती म्हणाली. "माझ्याच हातचं आहे."

मग मी तिला दंडाला धरून उठवलं, आणि आम्ही हळूहळू ट्रककडे गेलो.